आधुनिकतावादी उद्यानाचा पुनर्विकास: पातळ्या, पाणी आणि झाडांची चौकट कशी वाचवायची

प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या शहराच्या डाउनटाउनमध्ये १९७०च्या दशकातलं एक उद्यान आहे. रस्त्यापेक्षा दीड मीटर खोल चौक, फळ्यांच्या शटरिंगचे ठसे उमटलेलं काँक्रीट, बरीच वर्षं बंद असलेलं कारंजं, चौकटीत लावलेली हनी लोकस्टची (बारीक पानांच्या सावलीवृक्षाची) झाडं, आणि निम्म्या भागाखाली पार्किंग. शहराला तिथे हिरवळ, कॅफे, कार्यक्रमांसाठी मोकळी जागा आणि व्हीलचेअरने उतरता येईल अशी वाट हवी आहे. मूळ रचनेतलं किती वाचवता येईल आणि कसं?

बरंच वाचतं. फक्त क्रम नीट ठरवावा लागतो: आधी पातळ्या, मग झाडांची चौकट, मग पाणी आणि सगळ्यात शेवटी पृष्ठभागाचं साहित्य. बहुतेक ठिकाणी नेमकं उलट होतं. कारंज्याचा एखादा सुंदर तुकडा किंवा एखादी भिंत ‘ठेवू या’ असं बैठकीत ठरतं, ते ऐकायला बरंही वाटतं, आणि भराव घालून चौक रस्त्याच्या पातळीवर आणला जातो. डेन्व्हरच्या स्कायलाइन पार्कचं असंच झालं. उद्यानरचनाकार लॉरेन्स हॅल्प्रिन यांनी तीन ब्लॉक सलग खोलगट ठेवले होते. २००३ मध्ये ते उद्यान पाडलं गेलं आणि कारंज्यांचे काही भाग नव्या, सपाट उद्यानात ठेवले गेले. रस्त्यावरून खाली उतरणं, गाड्यांचा आवाज डोक्यावरून जाणं, अरुंद वाटेतून एकदम मोकळ्यात येणं हे त्या जागेचं खरं काम होतं. उरलेले तुकडे ते करू शकत नाहीत.

कायद्याची बाजू, थोडक्यात

नॅशनल रजिस्टरवर, म्हणजे अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीवर, नाव आलं म्हणजे उद्यान वाचलं, हा गैरसमज आधी दूर करा. शहराने स्वतःच्या पैशाने स्वतःची जागा पाडायची ठरवली, तर केवळ रजिस्टरमुळे ते थांबत नाही. केंद्राचा निधी किंवा परवाना लागत असेल तर १९६६च्या ऐतिहासिक वारसा जतन कायद्याचं कलम १०६ लागू होतं. त्यातही सल्लामसलत बंधनकारक असते, नकार नाही. पाडकाम थांबवण्याची खरी ताकद स्थानिक वारसा अध्यादेशात असते. काही राज्यांत ती राज्याच्या कायद्यातही असते. मिनियापोलिसच्या पीव्ही प्लाझा या खोलगट चौकाचं पाडकाम रोखण्यासाठी २०१२ मध्ये दावा दाखल झाला, तो मिनेसोटाच्या पर्यावरण-हक्क कायद्याच्या आधाराने.

उद्यानाचं वय पन्नास वर्षांच्या आत असलं तरी रजिस्टरसाठी अर्ज करता येतो, मात्र ‘असाधारण महत्त्व’ सिद्ध करावं लागतं. पीव्ही प्लाझा १९७५चा, नोंद २०१३ची. फोर्ट वर्थचा हेरिटेज पार्क १९८०चा, नोंद २०१०ची. ठोस तुलना मांडली की हे जमतं. त्या रचनाकाराची त्याच प्रकारची किती कामं उरली आहेत, त्यांतल्या किती ठिकाणी मूळ पातळ्या शाबूत आहेत, हे तक्त्यात दाखवा.

कलाकाराच्या हक्कांच्या कायद्यावर मात्र भिस्त ठेवू नका. शिकागोच्या ग्रँट पार्कमधल्या चॅपमन केली यांच्या रानफुलांच्या बागेला त्या कायद्याचं संरक्षण मिळणार नाही, असं सातव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं. जिवंत, वाढणारी बाग ‘स्थिर’ कलाकृती ठरत नाही, असा त्यामागचा तर्क होता.

अमेरिकेच्या अंतर्गत व्यवहार खात्याच्या (डिपार्टमेंट ऑफ द इंटीरिअर) वारसा मानकांत चार मार्ग आहेत: जतन, पुनर्वसन, पूर्वस्थितीत आणणं आणि पुनर्बांधणी. वापरात असलेल्या डाउनटाउन उद्यानासाठी जवळजवळ नेहमी पुनर्वसन हाच मार्ग योग्य, कारण त्यात नव्या वापरासाठी बदल करायची मुभा असते. ‘सगळं १९७५ सारखं करा’ असा आग्रह धरला, तर रॅम्पच्या पहिल्याच मुद्द्यावर हरायला होतं.

आधी मोजणी, मग मतं

मूळ नकाशे शोधा. हॅल्प्रिन यांचा संग्रह पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वास्तुकला अभिलेखागारात आहे, त्याच काळातले उद्यानरचनाकार डॅन काइली यांचे कागद हार्वर्डमध्ये. शिवाय महापालिकेच्या बांधकाम विभागात कंत्राटदाराचे शॉप ड्रॉइंग (प्रत्यक्ष बांधणीचे तपशीलवार नकाशे), बदलाचे आदेश आणि बांधकामाचे फोटो पडून असतात. नकाशापेक्षा हे फोटो जास्त कामाचे, कारण या पिढीतले रचनाकार जागेवर बरंच बदलत. नकाशावर पाच पायऱ्या आणि प्रत्यक्षात सहा, हे सर्रास आढळतं.

मग लेझर स्कॅन. त्यातून पॉइंट क्लाउडचं, म्हणजे मोजलेल्या लाखो बिंदूंचं, नुसतं चित्र मागू नका. पुढच्या गोष्टींच्या पातळ्या आकड्यांत मागा: प्रत्येक पायरीचं नाक (पुढची कड), प्रत्येक भिंतीचा माथा, पाणी जिथून ओघळतं त्या प्रत्येक कडेचे दर अर्ध्या मीटरवरचे बिंदू, प्रत्येक झाडाच्या खोडाचा केंद्रबिंदू आणि निचऱ्याच्या सगळ्या जाळ्यांचे तळ. याच यादीवर पुढचा प्रत्येक निर्णय उभा राहतो.

त्यावरून तीन रंगांचा नकाशा करा. लाल म्हणजे हात लावायचा नाही: मुख्य पातळ्या, पाण्याच्या कडा, झाडांची चौकट, प्रवेशापासून चौकापर्यंतचा अनुभवक्रम. पिवळं म्हणजे बदल चालेल, पण तेच माप आणि तीच रेषा राखून. हिरवं म्हणजे मोकळं. हिरव्यात बहुतेकदा नंतर चिकटवलेल्या गोष्टी येतात: १९८०-९०च्या दशकातले दिव्यांचे खांब, सजावटी बाक, फुलांच्या कुंड्या, टपऱ्या, कुंपणं. त्या काढल्या की निम्मं उद्यान आपोआप मोकळं होतं. लाल भाग चाळीस टक्क्यांच्या पुढे गेला तर परत बसा. सगळंच लाल असेल, तर वाटाघाटीत काहीच लाल राहत नाही.

दीड मीटर खाली उतरायचं कसं

२०१०च्या एडीए (अपंगांच्या हक्कांचा अमेरिकी कायदा) मानकांप्रमाणे रॅम्पचा उतार जास्तीत जास्त १:१२, एका टप्प्यातली चढण जास्तीत जास्त ७६० मिलिमीटर आणि टप्प्यांमध्ये दीड मीटर लांबीचा सपाट थांबा. म्हणजे दीड मीटर उतरायला १८ मीटर उतार, मधला एक थांबा, वर-खाली एकेक थांबा, मिळून २२.५ मीटर. त्याला दोन्ही बाजूंनी हाताने धरायचे कठडे लागतात आणि खोलगट चौकात तेच सगळ्यात जास्त खटकतात.

जागा असेल तर १:२०ची वाट घ्या. लांबी ३० मीटर होते, पण कायद्याने ती ‘रॅम्प’ राहत नाही आणि कठडे सक्तीचे नसतात. ती चौकाला आडवी कापत नेऊ नका. कडेच्या टेरेसला समांतर, भिंतीच्या पोटातून उतरवा, म्हणजे ती मूळच्याच थरांपैकी एक वाटते. उतार कागदावर नेमका १:२० धरू नका, १:२१ धरा. ओतकामात थोडा फरक पडतोच, आणि १:१९ झालं की तपासनीस कठडे मागतो. आडव्या उताराचंही तेच. मर्यादा १:४८ आहे, नकाशावर दीड टक्का लिहा.

रॅम्प पायऱ्यांच्याच ठिकाणी पोचला पाहिजे. मागच्या सेवाद्वारातून आत आणणारी वाट नियमात बसवता येते, पण ती अपमानास्पद असते आणि पुढच्या दहा वर्षांत कुणीतरी ती तोडून समोर दुसरी बांधतो, तीही घाईत. ऐतिहासिक जागांसाठी मानकांत सवलतीचं कलम आहे. ते शेवटचा उपाय म्हणून ठेवा. आधीच पुढे केलंत, तर जतनवाले विरुद्ध अपंग नागरिक असं भांडण उभं राहतं आणि त्यात उद्यान हरतं.

कठडा घालावाच लागला, तर तो चौकटीच्या रेषेत येऊ द्या आणि एकाच धातूचा, बारीक ठेवा. काँक्रीटला भोक पाडून खांब बसवताना भोकात पाणी साचून गोठतं आणि पायरीचा कोपरा फुटतो. म्हणून ग्राउटचा (भोक भरायच्या मसाल्याचा) माथा बाहेरच्या बाजूला उतरता ठेवायचा आणि पोकळ खांबाला तळाशी निचऱ्याचं छिद्र द्यायचं. स्टेनलेस वापरलं नाही, तर पाच हिवाळ्यांत तांबूस ओघळ दिसू लागतात.

७६० मिलिमीटरपेक्षा जास्त उंचीच्या कडेला संरक्षक कठडा मागितला जातो. जिथे कडेपर्यंत चालत जाता येत नाही तिथे तो लागत नाही. त्यामुळे कडेच्या आत दाट, बुटक्या लागवडीचा रुंद पट्टा घालणं हा जुना आणि अजूनही चांगला तोडगा आहे. तपासनिसाशी हे नकाशे पक्के होण्याआधी बोलून घ्या.

‘खोलगट आहे म्हणून असुरक्षित’

हा मुद्दा खोडायचा नसतो, तपासायचा असतो. दिसण्याचा अडथळा बहुतेक वेळा खोलीमुळे नसतो, चाळीस वर्षं न छाटलेल्या झुडपांमुळे असतो. सिअ‍ॅटलच्या फ्रीवे पार्कमध्ये (१९७६) सदाहरित झाडी इतकी माजली, की वाटांना भिंती आल्यासारखं झालं. तिथे झाडी विरळ करणं आणि दिवे सुधारणं हाच मुख्य इलाज ठरला.

मोजायचं असं. रस्त्याच्या फुटपाथवर उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून, म्हणजे सुमारे दीड मीटरवरून, चौकाचा तळ कुठून कुठून दिसतो याच्या रेषा काढा. झुडपं ६० ते ७५ सेंटिमीटरच्या खाली आणि झाडांच्या खालच्या फांद्या सव्वादोन मीटरच्या वर धरून त्याच रेषा पुन्हा काढा. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली, की नगरपरिषदेत भरावाची चर्चा बऱ्यापैकी थंडावते. तरीही एखादा कोपरा आंधळा राहिला तर तिथे दुसरी बाहेर पडायची वाट काढा. एकच जिना असलेला खड्डा लोकांना खरोखर नकोसा वाटतो, आणि त्यात त्यांचं चुकत नाही.

काँक्रीट

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून जरा विस्ताराने.

आधी धुवा, मग रंग जुळवा. काळवंडलेल्या भिंतीशी जुळवलेलं पॅच भिंत धुतल्यावर डागासारखं दिसतं. कमी दाबाचं पाणी आणि सौम्य डिटर्जंट पुरतं. वाळूचा मारा करू नका. त्याने वरची सिमेंटची साय जाते, खडी उघडी पडते आणि फळ्यांच्या लाकडी रेघा कायमच्या पुसल्या जातात.

तपासण्या चार. हातोडीने ठोकून पोकळ जागा शोधणं. कव्हर मीटरने सळ्या किती खोल आहेत ते पाहणं. ताज्या फोडलेल्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलिन फवारून कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटची अल्कधर्मिता जाणं) कुठवर पोचलं ते बघणं: गुलाबी झालं तो भाग अजून अल्कधर्मी, रंगहीन राहिला तो भाग सळईला संरक्षण देत नाही. आणि बर्फ वितळवायला मीठ टाकलं जात असेल तर वेगवेगळ्या खोलीवरची पूड काढून क्लोराइडचं प्रमाण. ही शेवटची तपासणी वगळली जाते आणि तिथेच फसगत होते. मीठ मुरलेल्या स्लॅबमध्ये फक्त फुटलेला तुकडा काढून नवं काँक्रीट भरलं, तर गंज थांबत नाही, पॅचच्या भोवतीच्या जुन्या कडेला सरकतो. दोन-तीन वर्षांत पॅचला वेढणारी नवी भेग दिसते आणि ‘दुरुस्ती टिकत नाही, पाडूनच टाका’ म्हणायला निमित्त मिळतं. अशा जागी पॅचच्या कडेच्या सळ्यांना जस्ताचे अ‍ॅनोड (सळईऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) बांधावे लागतात.

दुरुस्तीचं काम: कड करवतीने काटकोनात, किमान १० मिलिमीटर खोल कापा. शून्यावर निमुळती होणारी कड हमखास उचलते. सळईच्या मागे निदान २० मिलिमीटर मोकळं करा, गंज दिसतो त्याच्या पुढेही थोडं उघडा, सळई चकचकीत होईपर्यंत घासा. मात्र फळ्यांच्या ठशाच्या भिंतीवर कापाची रेघ मनाला येईल तिथे काढू नका. ती फळीच्या सांध्यावरच आली पाहिजे, मग पॅच थोडा मोठा झाला तरी चालेल. मधोमध कापलेला स्वच्छ चौकोन दुरून ओळखू येतो.

ठसे पुन्हा उमटवायला दोन मार्ग. शाबूत भिंतीवरून सिलिकॉनचा साचा घेणं, किंवा त्याच रुंदीच्या, करवतीच्या खडबडीत खुणा असलेल्या फळ्या मिळवणं. नव्या लाकडातल्या साखरेमुळे सिमेंटचा वरचा थर नीट घट्ट होत नाही आणि भुसभुशीत राहतो. म्हणून फळ्यांना आधी सिमेंटची पातळ रबडी लावून, वाळवून, झटकून घ्या. शटरिंगच्या बोल्टांची भोकं कुठे, किती अंतरावर, किती खोल हेही मोजून नोंदवा. मूळ रचनेत तीही चौकटीत बसवलेली असतात.

मिश्रणाचे चार-पाच नमुने, प्रत्येकी मीटरभर, उद्यानातच, त्याच दिशेला तोंड करून उभे करा आणि २८ दिवसांच्या आत मत देऊ नका. कोरडे बघा, ओले बघा. रंग आधी वाळूने जुळवा आणि पावडर शेवटी वापरा, कारण रंगद्रव्य आणि वाळू वेगवेगळ्या वेगाने उतरतात. गोठण-वितळण होणाऱ्या हवेत मिश्रणात पाच ते सात टक्के हवा, सूक्ष्म बुडबुड्यांच्या रूपात, हवीच.

सगळं झाल्यावर कुणीतरी ‘एक संरक्षक कोट मारून एकसारखं करू’ म्हणतो. पृष्ठभागावर थर धरणारा रंग नको. मागून येणारी ओल त्याखाली अडकते, पोपडे निघतात, आणि रंगवलेलं काँक्रीट दर काही वर्षांनी रंगवतच राहावं लागतं. आत मुरणारं सायलेन (पाणी झटकणारं द्रव्य) ठीक आहे, पण पाण्याखालच्या भागाला त्याचा उपयोग नाही.

पाणी

कारंजं बंद पडतं ते क्वचितच रचनेमुळे. पंप जळतो, पुढच्या वर्षी अंदाजपत्रकात पैसे नसतात, कोरड्या कुंडात सांध्यांचं सीलंट उन्हाने फाटतं, आणि मग पंप बदलूनही पाणी राहत नाही. म्हणून पहिली चाचणी गळतीची. कुंड भरा, शेजारी त्याच पाण्याने भरलेली बादली ठेवा, दोन दिवसांनी दोन्हींची घट मोजा. बादलीतली घट बाष्पीभवनाची, फरक गळतीचा. मग एकेक भाग अलग करून पुन्हा मोजा: फक्त कुंड, फक्त पाइप, फक्त ओघळाची कड.

काँक्रीटमध्ये गाडलेल्या जुन्या लोखंडी पाइपांसाठी भिंती फोडू नका. आतून अस्तर घालता येतं का ते आधी बघा. नाही जमलं तर नवी लाइन मागच्या मातीतून न्या.

पाण्याच्या पडद्याचं गणित साधं आणि निर्दय आहे. कडेवरून ओघळणाऱ्या पाण्याचा प्रवाह त्याच्या जाडीच्या दीड घाताने वाढतो. एक मीटर कडेवर १० मिलिमीटर जाडीला सेकंदाला सुमारे १.८ लिटर लागतात, २० मिलिमीटरला ५.२. म्हणजे जाडी दुप्पट करायला जवळजवळ तिप्पट पाणी. याच कारणाने कड वाकडी असेल तर वाट लागते: १० मिलिमीटरच्या पडद्यात कडेचं एक टोक ३ मिलिमीटर वर आणि दुसरं ३ खाली असेल, तर खालच्या बाजूने अडीचपट पाणी जातं आणि वरची बाजू ठिबकते. अशा वेळी मोठा पंप बसवणं हा महागडा चुकीचा उपाय. काँक्रीटची कड घासून किंवा स्टेनलेसची समायोज्य पट्टी आतल्या बाजूला लपवून पातळी एक मिलिमीटरवर आणायची.

वीज वाचवायला पंपाला वेग बदलणारी ड्राइव्ह लावा, पण खालचा वेग बांधून टाका. एका मर्यादेखाली पडदा फाटतो आणि पाणी भिंतीला चिकटून उतरतं. तो क्षण जागेवर बघून ठरवा आणि नियंत्रण पेटीवर लिहून ठेवा. पोर्टलंडच्या केलर कारंज्यासारख्या जागी (१९७०, मिनिटाला सुमारे १३,००० गॅलन) पाण्याचा आवाज हाच रचनेचा अर्धा भाग आहे. तिथे ‘बचतीच्या वेगाने’ चालवणं म्हणजे रहदारीचा आवाज परत आत घेणं. दिवसात चार तास पूर्ण जोराने चालवलेलं चांगलं.

खोल कुंड ठेवायचं की नाही, यावर पीव्ही प्लाझाने दिलेलं उत्तर अभ्यासण्यासारखं आहे. दाव्यातल्या २०१३च्या तडजोडीनंतर कोएन अँड पार्टनर्स या रचनासंस्थेने पुनर्वसन केलं आणि २०१९ मध्ये प्लाझा पुन्हा उघडला. खोल पाण्याऐवजी पातळ थर आला. तो बंद केला की त्याच जागेवर कार्यक्रम होतात, आणि रॅम्पही बसले. खोली गेली, प्रतिबिंब राहिलं. हा व्यवहार पटण्यासारखा आहे, कारण चौकाच्या पातळ्या आणि भोवतीच्या थरांना धक्का लागला नाही. असा थर करायचा असेल तर तळ गडद रंगाचा हवा, तीन मिलिमीटरच्या आत सपाट हवा आणि कार्यक्रमाच्या ट्रकचं वजन पेलणारा हवा. पाण्यात मुलं खेळणार हे गृहीत धरून गाळणी, निर्जंतुकीकरण आणि आरोग्य खात्याचा परवाना सुरुवातीलाच धरा. नंतर जोडायला यंत्रखोलीत जागा उरत नाही.

पार्किंगच्या छतावरचा भाग

इथे तुमची निवड अशी: वॉटरप्रूफिंगसाठी सगळं उचलावंच लागणार, तर ते परत तसंच ठेवायचं की नाही. टँपामध्ये डॅन काइली यांची १९८८ची बाग पार्किंगच्या छतावर होती. खाली गळती सुरू झाली आणि शेकडो क्रेप मर्टल झाडं काढली गेली. उलट पिट्सबर्गचा मेलन स्क्वेअर (१९५५, जॉन सायमंड्स) हाही गॅरेजवरच बसलेला, पण २०१४ मध्ये टेराझो फरशी आणि ब्राँझची पात्रं यांसह तो परत उभा राहिला. तिथे उद्यान संवर्धन संस्थेने देखभालीच्या निधीचाही विचार केला होता.

काम करताना खालून वर या. जुना थर काढा, स्लॅब दुरुस्त करा, उतार द्या, गरम ओतायचं रबर-डांबराचं मेंब्रेन (पाणी अडवणारा थर) घाला, मुळं अडवणारा थर, निचऱ्याचा थर, मग माती. मेंब्रेन झाल्यावर आणि माती टाकण्याआधी ५० मिलिमीटर पाणी ४८ तास साठवून खालच्या पार्किंगमध्ये माणूस फिरवा. ही चाचणी वेळापत्रकातून वगळायचा मोह होतो. वगळलीत, तर पुढची गळती शोधायला झाडं उपटावी लागतील.

सगळ्यात घातक चूक मात्र वेगळी आहे. नवे थर जुन्यापेक्षा जाड असतात. फरशी ४० मिलिमीटरने वर आली की पहिली पायरी बुटकी होते, बसायच्या भिंती खुज्या होतात, दारांचे उंबरे बुडतात. एकाच जिन्यातल्या पायऱ्यांमध्ये साडेनऊ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. मग कुणीतरी पूर्ण जिना नव्याने ओततो आणि लाल रंगातली गोष्ट नकळत जाते. म्हणून थरांची एकूण जाडी सुरुवातीलाच मूळ जाडीइतकी बांधून घ्या. जाडी वाचवायची असेल तर उतार स्लॅबवरच काँक्रीट घासून किंवा निमुळत्या थराने द्या.

वजनाचा हिशेब: भिजलेली साधी माती ९० सेंटिमीटर जाड असेल तर चौरस मीटरला सुमारे १.७ टन, हलक्या मिश्रणाची सुमारे १.१ टन. उंचवटे मातीने भरू नका, जिओफोमच्या (अतिशय हलक्या फोमच्या) ठोकळ्यांनी भरा आणि वर पुरेशी माती द्या.

झाडांची चौकट

मिलवॉकीच्या मार्कस सेंटरबाहेर काइली यांनी १९६९ मध्ये लावलेली ३६ हॉर्स चेस्टनटची राई हिरवळीसाठी गेली. चौकटीतली राई ‘फक्त झाडं’ समजली की असं होतं. तो छत आणि खांब असलेला एक दिवाणखाना असतो. दोन-तीन खांब गेले तरी चालतं, दहा गेले की काहीच उरत नाही.

एक तृतीयांशापेक्षा कमी झाडं गेली असतील तर रिकाम्या जागा भरा. जास्त गेली असतील तर संपूर्ण ओळ किंवा संपूर्ण चतुर्थांश एकदम बदला, कारण मोठ्या झाडांच्या सावलीत लावलेलं रोप उजेडाकडे वाकतं आणि चौकट कधीच सरळ होत नाही. नवी झाडं एकाच जातीच्या एकाच लॉटमधून घ्या, खोडाची जाडी ७५ ते १०० मिलिमीटर. दहा टक्के जास्तीची रोपवाटिकेत वाढवत ठेवा, म्हणजे चार वर्षांनी एखादं मेलं तर त्याच वयाचं मिळेल. खोडाचा बिंदू मूळ सर्वेक्षणाशी २५ मिलिमीटरच्या आत जुळवा.

जात बदलावी लागली, जसं अ‍ॅशच्या बाबतीत एमराल्ड अ‍ॅश बोरर किडीमुळे लागतेच, तर फुलं-पानांपेक्षा सावलीची जात जुळवा. हनी लोकस्टची सावली जाळीदार असते, खाली उजेडाचे कवडसे पडतात. तिथे लिंडन लावलं तर झाड उत्तम येईल आणि चौक काळोखा होईल.

मूळ खड्डे बहुतेक अपुरे असतात: १.२ × १.२ मीटर, ९० सेंटिमीटर खोल, म्हणजे जेमतेम १.३ घनमीटर. मोठ्या झाडाला २८ घनमीटरच्या आसपास माती लागते. फरशीची मूळ रेषा आणि जाळी तशीच ठेवून खालून खड्डे एकमेकांना जोडा. फरशी खालच्या आधारपेट्यांवर तोला आणि त्यांत माती भरा. वरून काहीच बदललेलं दिसत नाही. माझ्या मते संपूर्ण पुनर्विकासात याच्याइतका फायद्याचा खर्च दुसरा नाही.

कॅफे, मंच, दिवे

नव्या गोष्टी रस्त्याच्या पातळीवर, कडेला ठेवा. चौकाच्या तळाशी बांधकाम नको. वॉशिंग्टनच्या पर्शिंग पार्कमध्ये (१९८१, पॉल फ्रीडबर्ग) पहिल्या महायुद्धाचं राष्ट्रीय स्मारक आलं. तिथे कलम १०६ची लांबलचक प्रक्रिया झाली, कुंडाच्या जागेत शिल्पाची भिंत उभी राहिली आणि पायऱ्यांचे थर बऱ्याच अंशी टिकले. ते पूर्ण पटो न पटो, मोठा कार्यक्रमही खोलगट जागेत बसू शकतो हे त्यातून दिसतं.

दिव्यांचा रंग ३००० केल्विनच्या आत (उबदार, पिवळसर), झोत भिंतींवर आणि पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर. उंच खांबांवरून तळ उजळला तर लोकांचे चेहरे अंधारात राहतात.

हस्तांतरापूर्वी

ठेकेदाराकडून फक्त हमीपत्रं घेऊ नका. सात कागद घ्या: वॉल्व्हचा क्रमांक घातलेला नकाशा, पंपांच्या वेगाची नोंद, काँक्रीटच्या मंजूर मिश्रणाचं प्रमाण आणि खाणीचं नाव, जपून ठेवलेला सिलिकॉनचा साचा कुठे आहे ते, झाडांची क्रमांकवार यादी, सांध्यांचं सीलंट कधी बदलायचं त्याचं वेळापत्रक, आणि हिवाळ्याआधी पाइप रिकामे करण्याचा लेखी क्रम. शेवटचा कागद यंत्रखोलीच्या दारावर प्लास्टिकमध्ये घालून चिकटवा. ऑक्टोबरात तो न वाचता एक वॉल्व्ह बंद राहिला, तर एप्रिलमध्ये कारंज्याची मुख्य लाइन फुटलेली असते.